डबीचे झिजलेले दात

क्लचबाईंचा राग शहरभर माहीत होता, पण तो तीन सेकंदांच्या वर टिकत नसे. शिकाऊ माणसाने क्लच झटक्यात सोडला की गाडी बोकडासारखी उडी मारायची, बाई "क्लच, क्लच, क्लच" असा गजर करायच्या, आणि पुढच्या वळणावर त्याच माणसाच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवायच्या. नाव पडलं ते त्या गजरावरून. सव्वीस वर्षं त्या मोटार चालवायला शिकवत होत्या. शहरातल्या अर्ध्या माणसांचा डावा पाय आपण घडवला आहे, असं त्या म्हणायच्या आणि ते फारसं खोटं नव्हतं.

त्या वर्षी मात्र बाईंना जो राग आला तो आठ महिने उतरला नाही.

त्यांच्याकडे इतक्या वर्षांत तीन गाड्या झाल्या, तिन्ही एकाच जातीच्या. मागचं दार वर उघडणारी, छोटी, पाच दारांची ती गाडी. लोक तिला 'डबी' म्हणत. कंपनीने ती बनवणं बंद करून अकरा वर्षं झाली होती, तरी रस्त्यावरची दर पाचवी गाडी डबीच असायची. शिक्षकांनी, कारकुनांनी, औषधाच्या दुकानदारांनी आयुष्यातली पहिली गाडी म्हणून तीच घेतलेली. बाईंना तिच्याबद्दल बोलायला लावलं तर अर्धा तास गेलाच समजा. खांब बारीक, काचा मोठ्या, त्यामुळे चारी बाजूंचं नीट दिसतं. गल्लीत वळवायला सोपी. क्लच इतका सोशिक की शिकाऊंच्या हाती दहा वर्षं मार खाऊनही तक्रार नाही. मागची सीट पाडली की आख्खं कपाट आत जातं. बाईंच्या नणंदेचं लग्न झालं तेव्हा तिचा सगळा संसार डबीने तीन खेपांत हलवला होता. पण बाई आंधळ्या भक्त नव्हत्या. दुसरा गिअर रुसलेल्या सुनेसारखा, आधी नाही म्हणणार आणि मग पडणार, हे त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या. डिकीत पाणी झिरपतं, दारांखालचा पत्रा पापडासारखा होतो, हेडलाइट म्हणजे दोन मेणबत्त्या, आणि मागचं दार पेलणारे दांडे म्हातारे झाले की दार नेमकं वाकलेल्या माणसाच्या डोक्यात बसतं. बाईंच्या कपाळावर त्याची खूण होती.

घडलं ते असं. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आरोग्य खात्यात फिरती नर्स होती. पस्तिशीची, कमी बोलणारी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन ती जखमा धुवायची, इंजेक्शनं द्यायची. फिरायला खात्याची डबी होती, पाच नर्सेस ती आळीपाळीने वापरत. एका सकाळी तिने गाडी चढावरच्या एका घरासमोर लावली, हँडब्रेक ओढला आणि पिशवी घेऊन आत गेली. वीस मिनिटांनी बाहेर आली तर गाडी जागेवर नव्हती. ती उताराने साठ पावलं खाली गेली होती आणि घड्याळजीच्या दुकानाच्या पायरीवर चढली होती. घड्याळजी पायरीवर बसून पेपर वाचत होता. त्याचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला.

खात्याच्या वर्कशॉपचा तपासनीस तासाभरात आला. त्याने दार उघडून आत डोकावलं, हँडब्रेकचा लिव्हर खाली आहे असं पाहिलं आणि तिथेच बॉनेटवर कागद ठेवून लिहून टाकलं: हँडब्रेक ओढलेला नव्हता, चालकाचा निष्काळजीपणा. दुसऱ्या दिवशी नर्स निलंबित झाली. गाडीची देखभाल ज्या वर्कशॉपकडे, तपासणीही त्याच वर्कशॉपकडे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. मग शहरातल्या शहाण्यांना विषय मिळाला. बायकांना गाडी दिली की असंच होणार, हे वाक्य बाईंनी त्या आठवड्यात किराणा दुकानात, बँकेत आणि स्वतःच्या दिराच्या तोंडून ऐकलं. दिराला त्यांनी जेवणाच्या ताटावरून उठवलं नाही इतकंच.

पण राग खरा पेटला तो नर्स त्यांच्या ऑफिसात आली तेव्हा. बाईंच्या मोटार शाळेचं ऑफिस म्हणजे एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, आणि टेबलाशी बाईंचा नवरा. छापखान्यातली मुद्रितं तपासण्याची नोकरी संपवून तो आता बायकोच्या नोंदवह्या सांभाळायचा. नर्स खुर्चीच्या कडेला बसली आणि तक्त्याकडे पाहत म्हणाली, "बाई, मी ओढला होता ना हो हँडब्रेक?"

बाईंनी विचारलं, तुला काय आठवतं?

"आठवतं तर ओढल्याचं. कर्र आवाजही आठवतो. पण तो रोजच होतो. आता वाटतं, आदल्या दिवशीचा आवाज त्या दिवशीचा म्हणून आठवत असेल."

नवऱ्याने चष्मा काढून ठेवला, कारण पुढे काय येणार हे त्याला माहीत होतं. नोकरी काढून घेतली, एक वेळ समजू. पण हिच्या हाताला काय आठवतं तेसुद्धा काढून घेतलं. तपासनिसाच्या दोन मिनिटांच्या खरडण्याने एक धडधाकट, जबाबदार माणूस स्वतःच्याच हातावर संशय घेऊ लागला होता. बाईंनी तिला घरी पोचवलं आणि परत येऊन नवऱ्याला सांगितलं की आजच्या सगळ्या शिकवण्या रद्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली डबी शाळेमागच्या चढावर नेली आणि उताराकडे तोंड करून लावली. पुढच्या चाकांसमोर वीतभर जागा सोडून विटा ठेवल्या, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढला, खाली उतरल्या आणि दार आपटलं. गाडी जागच्या जागी. पुन्हा बसल्या, पुन्हा ओढला, पुन्हा आपटलं. नवरा फुटपाथवर उभा राहून वहीत रेघा मारत होता. अकराव्या वेळी दार आपटताच आतून खट असा आवाज आला, लिव्हर आपोआप खाली पडला आणि गाडी विटांवर जाऊन टेकली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंचा चेहरा उतरला होता, आणि तो नुसत्या आश्चर्याने उतरला नव्हता. वीस वर्षांपूर्वी त्यांची पहिली डबीही एकदा अशीच घसरली होती. तेव्हा त्यांनी ते आपल्या गाडीचं दुखणं समजून लिव्हर बदलला, आणि त्या दिवसापासून स्वतः गाडी लावताना कायम गिअरमध्ये ठेवू लागल्या. म्हणजे हँडब्रेकने दगा दिला तरी इंजिन चाकं धरून ठेवेल. स्वतः ठेवू लागल्या. शिकाऊंना मात्र शिकवलं नाही. कारण लायसन्सच्या परीक्षेत गाडी गिअरमध्ये राहिली आणि सुरू करताना हिसका बसला की परीक्षक दोन गुण कापायचा. म्हणून बाईंचा धडा ठरलेला: हँडब्रेक, न्यूट्रल, किल्ली. नर्सने तोच धडा सोळा वर्षं इमानाने गिरवला होता.

"अहो," बाई म्हणाल्या, "यात माझाही हात आहे."

नवरा म्हणाला की असेल, पण हे चारचौघांत बोलू नकोस. सव्वीस वर्षं या गाडीने आपल्याला पोसलं, शाळेच्या पाटीवरही तिचंच चित्र आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. बाईंनी ऐकून घेतलं आणि गाडीत बसल्या.

त्या गेल्या भंगारवाल्याकडे. शहराबाहेर त्याचं मोठं आवार होतं, त्यात डब्या एकावर एक रचलेल्या. भंगारवाला बाईंचाच विद्यार्थी, तिसऱ्या परीक्षेत पास झालेला. त्याला वाटलं आरसा हवा असेल. बाईंनी सांगितलं, मला हँडब्रेकचे लिव्हर हवेत, जितके निघतील तितके. तीन दिवस दोघं पाने घेऊन गाड्यांत शिरत होती. लिव्हरच्या बुडाशी एक अर्धगोल दातेरी पट्टी असते. लिव्हर ओढला की लोखंडाचा एक छोटा खटका त्या दातांवरून कर्र कर्र करत सरकतो आणि हात थांबेल त्या दातात अडकून बसतो. सगळी मदार त्या अडकण्यावर. बाईंनी चौदा पट्ट्या काढल्या. नऊ पट्ट्यांचे मधले दात झिजून गोल झालेले, आणि नऊही एकाच काळातल्या गाड्यांच्या. अशा दातांवर खटका अडकत नाही, नुसता टेकतो. आवाज तोच, हाताला लागतंही तसंच. मग शेजारून एखादं जड वाहन जातं, कोणी दार आपटतं, आणि तो सटकतो. नर्सच्या गाडीशेजारून त्या सकाळी कचऱ्याचा ट्रक चढ चढत गेला होता, हे रुग्णाच्या घरातल्या माणसाने कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलंच नव्हतं.

पट्ट्या पिशवीत घालून बाई आधी घड्याळजीकडे गेल्या. नर्सच्या निलंबनावर खात्याची चौकशी व्हायची होती, तिच्यापूर्वी त्याची माफी मागायची, एवढंच मनात होतं. तो दुकानामागच्या खोलीत प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसला होता, आणि त्याने बाईंना बसायलाही सांगितलं नाही. नर्सची वकिली करायला आलात का, असं त्याने सरळ विचारलं. दोन महिने दुकान उघडता येणार नाही, रात्री कूस बदलता येत नाही, आणि मला भेटायला येतं कोण, तर मोटार शिकवणारी बाई. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग न्यूट्रलच्या धड्याचं सांगितलं, त्याला 'पण' न जोडता. तो आणखी चिडला. मग त्यांनी एक झिजलेली पट्टी काढून त्याच्यापुढे ठेवली.

घड्याळजीने ती बाजूला सारायला हात पुढे केला आणि हात तिथेच थांबला. आयुष्यभर तो असलेच दात बघत आला होता, फक्त मोहरीएवढे. घड्याळाला चावी दिली की जी कर्र कर्र होते ती असल्याच चक्राची आणि असल्याच खटक्याची. त्याने भिंग डोळ्याला लावलं, पट्टी खिडकीकडे धरली, नखाने दातांवरून खरवडून पाहिलं. मग खणातून बारीक कानस काढून दातावर दोनदा फिरवली.

"हे लोखंड मऊ आहे," तो म्हणाला. "खटका कडक आणि दात मऊ. कानस मारल्यासारखे घासले जाणारच. चार रुपयांच्या गजराच्या घड्याळातसुद्धा आम्ही असं करत नाही."

"तुम्ही हे चौकशीत सांगाल का?"

"मी तिच्यासाठी काही सांगणार नाही," घड्याळजी म्हणाला. पट्टी मात्र त्याने परत दिली नाही.

चौकशी आरोग्य खात्याच्या बैठकीच्या खोलीत झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका टोकाला साहेब, शेजारी वर्कशॉपचा प्रमुख. नियमाप्रमाणे नर्सला एक सोबती आणायची मुभा होती, तिने बाईंना आणलं. साहेबांनी अहवाल वाचला. नर्सने आपलं म्हणणं सांगितलं, पण ते सांगताना तीनदा "मला वाटतं" म्हणाली, आणि दर वेळी वर्कशॉपचा प्रमुख वहीत काहीतरी टिपत होता. त्याने पुढे स्पष्ट केलं की गाडीची दर सहा महिन्यांनी तपासणी होते, हँडब्रेकपुढे कायम 'ठीक' असा शेरा आहे. मग बाईंनी पिशवीतून गाडीच्या तक्रारवहीची नक्कल काढली. ती दुसऱ्या एका नर्सने त्यांना आणून दिली होती. त्यात निलंबित नर्सच्याच अक्षरात दोनदा लिहिलं होतं: हँडब्रेक पकडत नाही असं वाटतं. दोन्ही वेळा वर्कशॉपने केबल ताणून दिली होती आणि पट्टी उघडून पाहिली नव्हती.

साहेब जरा अस्वस्थ झाले, पण बधले नाहीत. म्हणाले, "बाई, लिव्हर खाली होता हे तर कुणी नाकारत नाही ना. त्यात उघडून बघण्यासारखं काय आहे?"

"साहेब, जिन्याच्या तळाशी माणूस पडलेला सापडला तर तो वर चढलाच नव्हता असं लिहाल का तुम्ही?"

बाईंचा आवाज चढत गेला. त्या म्हणाल्या की तीच गाडी खाली अंगणात उभी आहे, चार नट काढायचे आहेत, पंधरा मिनिटांचं काम. दोन महिन्यांत पंधरा मिनिटं मिळाली नाहीत, कारण खापर फोडायला डोकं आधीच मिळालं होतं. आणि दोष वाटायचेच असतील तर मलाही माझा वाटा द्या. हिला गाडी न्यूट्रलमध्ये लावायला मी शिकवलं, परीक्षेतले दोन गुण वाचवायला. मला धोका माहीत होता. वीस वर्षं माहीत होता.

वर्कशॉपचा प्रमुख म्हणाला की शिकवणाऱ्या बाईंचं यंत्रविषयक मत नोंदवता येणार नाही. तेव्हा इतका वेळ भिंतीला कुबड्या टेकवून बसलेला घड्याळजी बोलला. त्याला बोलावलं होतं फक्त पायाबद्दल सांगायला. तो म्हणाला, माझं नोंदवा. चाळीस वर्षं मी दाते आणि खटकेच दुरुस्त करतोय, आणि पाय माझा मोडलाय, तेव्हा तो कशाने मोडला हे कळायचा पहिला हक्क माझा.

"या बाईने ओढला असेल नाहीतर नसेल," नर्सकडे न पाहता तो म्हणाला. "पण उघडल्याशिवाय तुम्ही सांगू शकत नाही. मीही नाही. उघडा."

सगळे अंगणात उतरले. वर्कशॉपचा एक पिकल्या मिशांचा मेकॅनिक पाने घेऊन आला, प्रमुखाकडे एकदा पाहून घेतलं आणि गाडीत वाकला. पट्टी बाहेर आली. आठ दात, त्यातले चौथा, पाचवा आणि सहावा नदीतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत. मेकॅनिकने खटका पाचव्यावर बसवला, पट्टी हातात धरली आणि पान्याने हलकी टिचकी मारली. खटका सटकला. त्याने न सांगताच पुन्हा तेच केलं, आणि पुन्हा तो सटकला. नर्स चालकाच्या दाराला धरून उभी होती. ती रडली नाही. आपला डावा हात मात्र बराच वेळ बघत राहिली.

आता कुणाला वाटेल की इथे सगळं मिटलं. पंधरा दिवसांनी खात्याचं पत्र आलं: 'सदर कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा निर्विवादपणे सिद्ध होत नसल्याने निलंबन मागे घेण्यात येत आहे.' बाईंनी ते पत्र नर्सच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि त्यांचं डोकं सणकलं. सिद्ध होत नाही म्हणे. म्हणजे होता, पण सापडला नाही. चूक झाली, असे दोन शब्द त्या पानभर मजकुरात कुठे नव्हते. नवऱ्याने जन्माच्या सवयीने लाल पेन काढून ते वाक्य दुरुस्त करून दाखवलं, तेवढंच समाधान. वर्कशॉपच्या प्रमुखाला कुणी काही विचारलं नाही. बाईंनी कंपनीला पाठवलेल्या पत्राचं उत्तर आलं ते असं की या मॉडेलचं उत्पादन बंद झालेलं आहे. जणू उत्पादन बंद झाल्यावर गाड्या उतारावरून घसरायच्याही बंद होतात.

नर्स कामावर परतली. तिच्या वाट्याला आता नवी गाडी आहे, हँडब्रेकच्या जागी बटण असलेली. पण गाडी लावून दहा पावलं गेली की ती थांबते, वळून बघते, परत येते, बंपरला हात लावून जोर करून पाहते आणि मग रुग्णाच्या दाराकडे जाते. बाईंनी हे एकदा रस्त्यापलीकडून पाहिलं. घड्याळजीचा पाय जुळला, पण किंचित आखूड राहिला. नर्स त्याला भेटायला गेली तेव्हा त्याने तिला बसायला सांगितलं. त्यापलीकडे दोघांत काय बोलणं झालं ते कुणी विचारलं नाही.

बाईंनी शाळेतला धडा बदलला. आता त्यांचे शिकाऊ परीक्षेतसुद्धा गाडी गिअरमध्ये लावतात. परीक्षक दोन गुण कापतो, बाई दर वेळी त्याच्या साहेबांना अर्ज लिहितात, अर्जाचं काय होतं ते देवाला ठाऊक. आणि दर रविवारी त्या आणि त्यांचा नवरा सव्वीस वर्षांच्या नोंदवह्या घेऊन बसतात. ज्यांच्याकडे अजून डबी आहे त्यांची यादी केली तर चारशे बारा नावं निघाली. त्या एकेकाच्या घरी जाऊन हँडब्रेक तपासतात आणि दात झिजले असतील तर कडक लोखंडाची नवी पट्टी बसवायला सांगतात. काही जण आभार मानतात, काही दारातूनच वाटेला लावतात.

मागच्या रविवारी एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे गेल्या. सरांची डबी म्हणजे आरसा, रोज पुसलेली. सरांनी आणि दारात उभ्या त्यांच्या पत्नीने सगळं ऐकलं. सर म्हणाले, "बाई, या गाडीने माझ्या तीन पोरांना शाळेत नेलं, हिची आई आजारी असताना रुग्णालयात नेलं. तिच्याबद्दल असं बोलवतं कसं तुम्हाला?"

बाई म्हणाल्या, "सर, माझं पोटही तिच्यावरच चाललंय. म्हणून ती चांगली आहे तेही मीच सांगणार आणि दात मऊ आहेत तेही. जरा चढावर घेता का?"

सरांनी घेतली नाही. ते गाडीपुढे हात पसरून उभे राहिले, कुणी ती ओढून नेतंय असं वाटून. बाईंचा पारा चढला, त्या चार शब्द जास्त बोलल्या, आणि परत येताना नवऱ्याने वहीत त्या नावापुढे फुली मारली. बुधवारी सरांच्या पत्नीचा फोन आला. सर आंघोळीला गेलेत, त्यांना कळू देऊ नका, पण ती नवी पट्टी कोणत्या दुकानात मिळते, असं त्या हळू आवाजात विचारत होत्या.